वन्संच्या बंदुकीचे दोन इंच

वन्सं, तुमची बंदूक परवा दोन इंचांनी आखूड झाली. तिची नळी बदलली नाही, आणि तिच्याहून जुनी दुसरी घेतलीही नाही. म्हणजे दहा वर्षं दर रविवारी जेवणाच्या टेबलावर आपण ज्यावरून भांडलो, त्यात तुम्ही हरलात आणि मीही हरले. जिंकला तो आर्थर बंदूकवाला, ज्याला त्या भांडणात कुणी बोलावलंच नव्हतं.

तुम्हाला जाऊन सात आठवडे झाले. मंडळाच्या लोकांनी अंकासाठी लेख मागितला. म्हणाले, "शालूताई, नणंदेचा जीवनपट लिहा. त्यांचा मनमिळाऊ स्वभाव वगैरे." मी फोनवर हसले. तुम्ही आणि मनमिळाऊ! आणि जीवनपट कुणाला सांगू? कॉव्हेंट्रीतल्या मंडळाची अर्धी पोरं तुमच्याच हातांत पहिल्यांदा रडलीत. तेव्हा मी बंदुकीबद्दलच लिहिणार आहे. एक गोष्ट मी तुमच्यापासून बेचाळीस वर्षं लपवली. ती सांगायला गेले तेव्हा तुम्ही सांगू दिली नाहीत. आता गप्प बसायची पाळी तुमची आहे.

मी या घरात आले ती बावीस वर्षांची, संस्कृत घेऊन बी.ए. झालेली, आणि जगातलं सगळं ज्ञान त्या पदवीच्या गुंडाळीत आहे अशा समजुतीत. तुमचा भाऊ मला स्टेशनवरून घेऊन आला तेव्हा तुम्ही मागच्या दारात उभ्या होतात. साडी पोटऱ्यांपर्यंत खोचलेली, पायांत वेलिंग्टन बूट, एका हातात मेलेला ससा आणि दुसऱ्या हातात बंदूक. मी मनात म्हटलं, अरे देवा, सासू नाही म्हणून आनंदानं उड्या मारत होते, आणि ही कोण निघाली!

तुम्ही म्हणालात, "ये. सशाचा रस्सा खातेस ना?"

मी म्हटलं, "आमच्याकडे हिंसा चालत नाही."

"बरं," तुम्ही म्हणालात, "मग नुसता रस्सा खा. तुकडे मी खाते."

आणि मी खाल्ला की हो! दोनदा मागून घेतला. तुकड्यांसकट. माझी अहिंसा पहिल्या रात्रीपलीकडे टिकली नाही.

तुमची ती बंदूक इथल्या शेतकऱ्याकडून आलेली. हॅरल्डच्या बायकोची तीन बाळंतपणं तुम्ही केलीत, तिसरं तर बर्फात सायकल ढकलत जाऊन. त्याच्या कोबीच्या शेतात सशांनी उच्छाद मांडला होता. त्यानं विचारलं, सिस्टर, तुम्हाला नेम धरता येतो का? आबांसारख्या सावंतवाडीकडच्या शिकाऱ्याच्या मुलीला हा प्रश्न! तुम्ही पोलिसांकडून रीतसर परवाना काढलात आणि हॅरल्डनं आपल्या वडिलांची टू-टूची, म्हणजे बारीक गोळीची, पंप-ॲक्शन तुमच्या हवाली केली. नळीखालचा लाकडी मुठा मागे ओढून पुढे ढकलला की पुढची गोळी चढते, ती. त्या 'खट-खटाक'ला मी इतकी घाबरायची की स्वयंपाकघरात पोळपाट पुढे धरून उभी राहायची. लाकडी पोळपाट. बी.ए. होते ना मी.

आता तो दिवस. माझी या घरातली पहिली खंडेनवमी. तुम्ही आठवडाभराच्या ड्युटीला निघाला होतात, तिथूनच पुढे महिनाभर साउथहॅम्प्टनला ट्रेनिंगला. जाताना बंदूक रिकामी करून, दोनदा तपासून, पाटावर ठेवलीत आणि म्हणालात, "शालू, मला मंत्र येत नाहीत. आबांच्या माघारी आपल्या घरात शस्त्राची पूजा झालेली नाही. तू कर. फक्त एक लक्षात ठेव. आबांचा नियम होता. ज्याच्या हातून शस्त्राला गंज चढला, त्यानं पुन्हा पूजेला बसायचं नाही. माझ्या सख्ख्या काकाला त्यांनी उठवलं होतं पाटावरून. पूजा झाली की कोरड्या फडक्यानं पूस आणि कपाटात ठेव."

वन्सं, त्या पूजेचं मला काय वाटलं ते तुम्हाला कधी बोलले नाही. या घरात सगळं तुमचं होतं. स्वयंपाकघर तुमचं, इंग्रजी तुमचं, पगार तुमचा, शेजारणी तुमच्या. मी दुकानात जाऊन बोटानं बटाटे दाखवायची. एक ही पूजा अशी होती की जिथं तुम्ही मला विचारणार, पुढे काय करायचं ते. ती मला इतकी थाटात करायची होती, इतकी थाटात, की त्या थाटानंच घात केला.

कौन्सिलच्या बागेतला झेंडू मी तोडला. (कौन्सिलला आता कळलं तर कळू दे.) नळीचं तोंड दिसलं, आणि मला वाटलं, अहाहा, काय सुंदर फुलदाणी! फूल महिनाभर टिकावं म्हणून देठाला ओला कापूस गुंडाळला. कुंकवाचं पाणी पळीनं वर घातलं. मग तो देठ, तो कापूस, ते कुंकू, सगळं नळीत नीट दाबून बसवलं आणि बंदूक तशीच फुलासकट कपाटात उभी केली. कोरडं फडकं? ते मी देवाची भांडी पुसायला वापरलं.

महिन्यानं, तुमच्या येण्याच्या आदल्या दिवशी, कपाट उघडलं. फुलाचा चिखल झाला होता. देठ ओढला तर तो हातात आला आणि कापूस आत राहिला. मग बी.ए.नं डोकं चालवलं. विणायची लोखंडी सुई घेतली आणि नळीचं तोंड खरवडून खरवडून कापूस काढला. आतून तपकिरी पाणी आलं. गंज! आबा डोळ्यांपुढे उभे राहिले. मग गंजाला तेल, म्हणून मी खोबरेल ओतलं. नोव्हेंबरात. कॉव्हेंट्रीत. हीटर नसलेल्या खोलीत. सकाळपर्यंत ते आत गोठून बसलं. मग ते वितळवायला मी बंदुकीचं तोंड चहाच्या किटलीच्या वाफेवर धरून उभी राहिले. तुमचा भाऊ आत आला, बघून म्हणाला, "चहा पाजतेस का तिला?" आणि पेपर घेऊन निघून गेला. तो माणूस गेला तोवर त्यानं त्याबद्दल एक अक्षर विचारलं नाही. नशीब एकेकाचं, असा नवरा मिळतो.

तुम्ही आलात. बंदूक उघडून साफ करताना नळी उजेडाकडे धरून आत बघितलीत. मी भाजी चिरत होते, बोट चिरलं. तुम्ही बराच वेळ बघत होतात. मग म्हणालात, "पूजा छान केलीस हो. मंडळातल्या बायका सांगत होत्या." बस्स.

पुढच्या खंडेनवमीला तुम्ही घरी होतात. पूजेला बसणार तेवढ्यात तुम्ही एक टोक तासून बारीक केलेलं बूच आणून नळीच्या तोंडात बसवलंत. मी विचारलं, "हे काय?" तुम्ही म्हणालात, "धूळ जाते आत." मला ती साहेबी टूम वाटली. मंत्र म्हणताना मी त्या बुचालाही कुंकू लावलं. मग दरवर्षीच बूच आलं. मीही दरवर्षी पाटावर बसले, तुम्ही विचारायचात, "आता अक्षता का गं?" आणि मी सांगायची, "हं, आता अक्षता." जणू काही कुरुक्षेत्रावरची शस्त्रं माझ्याच ताब्यात होती.

गंजाचं मात्र तसं नसतं. तो तोंडाशी बसून हळूहळू खात राहिला. तुम्ही रिटायर झालात तेव्हा गोळी डावीकडे जायला लागली होती, मग कधी वर, कधी कुठेही. एकदा हॅरल्डच्या शेतात मी तुमच्याबरोबर होते. तुमचा नेम चुकला. ससा उडाला नाही, पळाला नाही. त्यानं मान वर करून आपल्याकडे पाहिलं आणि पुन्हा कोबी खायला लागला. तुम्ही म्हणालात, "बघितलंस? याला आपली दया येते." मी हसले. तो ससा तुमच्यावर नव्हता हसला, वन्सं. माझ्यावर.

तिथून आपलं भांडण सुरू झालं. तुमचं म्हणणं, नळी बदलू. माझं म्हणणं, हिला निरोप देऊ आणि याच बनावटीची हिच्याहून जुनी घेऊ.

"नळी बदलली म्हणजे बंदूक तीच राहते," तुम्ही म्हणायचात. "दस्ता माझ्या गालाला ओळखतो. मुठा माझ्या हाताला ओळखतो. फक्त नळी गेलीय."

"नळीच गेली तर राहिलं काय? नळी म्हणजे जीव!"

"जीव माझ्यात आहे, ती नळी आहे."

"आणि तशी नळी आता बनत नाही. कोऱ्या दांड्यातून कोरून घ्यायची, मग पोलिसांचा कागद, मग बर्मिंगहॅमच्या तपासणीघरात पाठवून जास्तीची दारू भरून उडवून बघणार, मग ठसा. त्यापेक्षा जुनी घ्या. जुन्या वस्तूत दम असतो."

"तू जुन्या वस्तूंची भक्त कधीपासून झालीस? परवा माझा टीव्ही फेकायला निघाली होतीस."

मला जुन्या वस्तूंचं काय कौतुक असणार! मला भीती होती की नळी काढली की आर्थर ती उजेडात धरून बघणार. आत सुईचे ओरखडे, कुंकवाचा लाल, कोण जाणे कापसाचा एखादा तंतूसुद्धा. तो तुम्हाला सांगणार. तुम्हाला आबांचा नियम आठवणार. आणि मी पाटावरून उठणार. पन्नाशी उलटलेली, नात झालेली बाई, आणि मला भीती पाटावरून उठवण्याची! एकदा तुम्ही जवळजवळ ठरवलंच होतंत, तर मी दिवसभर जेवले नाही. तुम्ही विचारलंत तर म्हटलं, एकादशी. तुम्ही कॅलेंडरकडे बघितलंत, माझ्याकडे बघितलंत आणि म्हणालात, "बरं, आर्थरला पुढच्या महिन्यात सांगू." मग गुरांच्या साथीत शेतं बंद झाली. मग तुमचा गुडघा. पुढचा महिना आलाच नाही.

स्लाऊच्या पुढे एका गावात जुनी बंदूक बघायला गेलो ते आठवतं? मीरा, माझी नात, तेव्हा नुकती गाडी शिकली होती आणि राऊंडअबाउटला तीन-तीन प्रदक्षिणा घालायची. दुकानदार म्हणाला, "लेडीज, नवऱ्यासाठी भेट हवीय का?" तुम्ही म्हणालात, "नाही, सशांसाठी." त्यानं ती आठकोनी नळीची, युद्धाआधीची बंदूक काढली. सुंदर होती, खोटं कशाला बोलू. तुम्ही ती गालाला लावलीत, मुठा ओढलात, खट-खटाक, आणि खाली ठेवलीत.

मी कुजबुजले, "काय वाईट आहे? आपलीपेक्षा जुनी आहे. अनुभवी आहे."

"अनुभवी म्हणजे दुसऱ्याच्या घरी नांदून आलेली," तुम्ही म्हणालात. "हिनं तिथं काय काय केलंय ते मला कसं कळणार? आपलीनं काय केलंय ते मला सगळं ठाऊक आहे. ठाऊक असलं की राग येत नाही."

मी तेव्हा खिडकीबाहेर बघत होते. मला वाटलं तुम्ही बंदुकीबद्दल बोलताय.

परतीच्या वाटेवर मीरा म्हणाली, "आत्याआजी, तुझा बंदूक मला देणार ना? आय मीन, व्हेन यू'र डन." तुम्ही म्हणालात, "आधी ती सरळ मारायला लागू दे. वाकडी वस्तू मी कुणाला देत नाही."

हे तुमचं वाक्य हॉस्पिटलमध्ये माझ्या डोक्यात फिरत होतं. ज्या वॉर्डात तुम्ही पूर्वी सगळ्यांना दटावायचात, तिथंच तुम्ही पडून होतात आणि नर्सना दटावतच होतात. मी ठरवून आले होते. खुर्ची ओढली आणि म्हटलं, "वन्सं, मला एक सांगायचंय. फार जुनं आहे."

तुम्ही डोळे मिटलेले. म्हणालात, "जुनं असेल तर राहू दे. चहा आण. मशीनचा नको, खालच्या कॅन्टीनचा."

मी चहा आणला. तुम्ही तो पूर्ण प्यायलात, साखर कमी आहे म्हणून कुरकुरलात आणि मीराच्या परीक्षेचं विचारलंत. मी पुन्हा तोंड उघडलं. तुम्ही माझा हात थोपटून म्हणालात, "शालू, तुला पूजा फार छान येते." झालं. दोन दिवसांनी तुम्ही गेलात.

पोलिसांचं पत्र आलं. परवानाधारक गेली, तेव्हा हत्यार विकायचं, दुसऱ्याच्या परवान्यावर चढवायचं, नाहीतर मोडीत काढायचं. आर्थर येऊन बंदूक आपल्या ताब्यात घेऊन गेला. लोखंडी कपाट रिकामं करताना खालच्या कप्प्यात खोकल्याच्या गोळ्यांचा एक पत्र्याचा डबा सापडला. उघडला. आत बुचं. वाइनच्या बाटल्यांची. आपल्या घरात दारूचा थेंब नाही, म्हणजे तुम्ही हॉस्पिटलच्या ख्रिसमस पार्ट्यांतून ती उचलून आणायचात. आणि प्रत्येक बुचाच्या एका टोकाला लाल डाग होता. माझ्या कुंकवाचा. दुसरं, तासलेलं टोक, जे नळीत जायचं, ते कोरडं. स्वच्छ. एकेका वर्षाचं एकेक बूच तुम्ही जपून ठेवलं होतंत.

मी कपाटापुढे जमिनीवर बसून राहिले. तरीही मला पुरतं कळलं नाही, बघा. बी.ए.

परवा आर्थरकडे गेले. तो आता सत्तरीचा, कानाला यंत्र. बंदूक गिऱ्हाइकाला दाखवावी तशी टेबलावर ठेवून म्हणाला, "बोला, मिसेस के. नळी बदलायची, जुनी बघायची, की मोडीत?"

मी म्हटलं, "आधी मला कबुली द्यायचीय," आणि सगळं सांगितलं. झेंडू, कापूस, सुई, खोबरेल, किटली. तो किटलीपाशी हसायला लागला तो थांबेना. मग डोळे पुसत म्हणाला, "माय डिअर, शी न्यू. पहिल्या दिवसापासून."

"कशावरून?"

"मलाच आणून दाखवली होती त्यांनी. आत लाल होतं. मी विचारलं, हे काय? म्हणाल्या, माझ्या भावाच्या बायकोनं हिची फार प्रेमानं पूजा केली."

त्यानं बंदूक उचलून नळीच्या तोंडावर बोट ठेवलं.

"आणि नळी काही गेलेली नाही. मागची सगळी आरशासारखी आहे. फक्त तोंडाचे दोन इंच. त्या रिटायर झाल्या तेव्हाच मी म्हटलं होतं, तेवढं कापतो, तोंड नीट करतो, नेमाची माशी मागे सरकवून बसवतो, पुन्हा सरळ मारील. एका दुपारचं काम."

"मग का नाही केलं?"

"त्या नाही म्हणाल्या. आखूड झाली तर शालूला दिसेल. ती विचारील तोंडाशीच का कापली. मग तिला कळेल की मला कळलंय. मग ती पूजेला बसणार नाही, असा काहीतरी तुमच्याकडचा नियम आहे म्हणे. म्हणाल्या, अख्खी नळी बदल, म्हणजे दिसायला तशीच राहील आणि कुणी काही विचारणार नाही. नाहीतर हात लावू नकोस."

म्हणजे बघा, वन्सं. मी अख्खी बंदूक घराबाहेर काढायला निघाले होते, आणि तुम्ही अख्खी नळी. दोघी एकच दोन इंच एकमेकींपासून लपवत होतो. त्यापायी तुमच्यासारख्या नेमबाज बाईनं दहा वर्षं सशांची दया सोसली. मला रडू येईल असं आर्थरला वाटलं असावं, त्यानं कागदी रुमालाचा डबा पुढे सरकवला. मला मात्र त्या रविवारच्या जेवणांचं हसू येत होतं. केवढ्या त्वेषानं बोललो आपण! 'नळी म्हणजे जीव' काय, 'दस्ता गालाला ओळखतो' काय!

मी म्हटलं, "काप."

त्यानं माझ्यासमोर कापली. तो दोन इंचांचा तुकडा उभा चिरून माझ्या तळहातावर ठेवला. आत तपकिरी खड्ड्यांची एक नक्षी होती आणि एका खड्ड्यात, खरं सांगते, अजून थोडा लाल होता. मग दुकानामागच्या नेमबाजीच्या बंदिस्त गल्लीत नेऊन त्यानं पुठ्ठ्यावर पाच गोळ्या झाडल्या. पाचही भोकं माझ्या कुंकवाच्या टिकलीखाली झाकली असती.

मीरानं परवान्याचा अर्ज भरलाय. साउथहॅम्प्टनच्या कॉलेजात ती रायफल क्लबात आहे, हे तुम्ही मला सांगितलं नव्हतंत. तेही लपवलंत! हॅरल्डच्या मुलानं शेतात यायची परवानगी लिहून दिली. काल फोनवर म्हणाली, "आजी, पोलीस लोक घरी येऊन इंटरव्ह्यू घेणार. काय सांगू?" मी म्हटलं, "कोबीचं सांग. बाकी काही सांगू नकोस." कागद येईपर्यंत बंदूक आर्थरकडेच राहील. ती आता सरळ मारते. तुमची अट पुरी झाली.

आश्विनात कागद आले असले तर खंडेनवमीला ती पाटावर असेल. पाटापुढे मीरा बसेल. तिला मंत्र येत नाहीत. ती विचारील, "आजी, आता अक्षता का?" आणि मी बाजूच्या खुर्चीवरून सांगेन, "हं, आता अक्षता."

मी बसणार नाही, वन्सं. आबांचा नियम आहे, आणि आता तो मोडायला तुम्ही नाही. मी फक्त त्याआधी उठून नळीच्या तोंडात बूच लावीन.